रिंग जातेय, पण कुणी उचलत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑनलाइन समाजसेवेवर आलेला लेख माझ्या भाचीने मला वाचून दाखवला. तिलाच वाचावा लागला, कारण तुमच्या ई-पेपरचं पान चित्र म्हणून चढवलेलं असतं आणि चित्र समोर आलं की पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा माझा बोलका फोन मुका होतो. ही तक्रार शेवटी करते. आधी लेखाबद्दल.

लेखकमहाशयांचं म्हणणं थोडक्यात असं, की फोनवर 'लाइक'चा अंगठा उमटवून कुणाचं भलं होत नाही, घरबसल्या पुण्य पदरात पाडून घ्यायची ही एक सोय आहे. यातलं निम्मं मला पटलं. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र. त्या लेखात मदत करणारे होते, त्यांची टिंगल करणारे होते, पण मदत घेणारं एकही माणूस नव्हतं. मी त्या बाजूची आहे.

मी जन्मापासून अंध. एकतीस वर्षं एका मोठ्या कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होते. बाहेरून फोन यायचा, मी विचारायचे कोण हवं, आणि त्या एक्स्टेन्शनला जोडून द्यायचे. साडेसहाशे एक्स्टेन्शन तोंडपाठ होती, आजही काही झोपेत आठवतात. साहेब लोक दर महिन्याला माझ्याकडून आकडा घ्यायचे: किती कॉल आले? तो आकडा वर जायचा, अहवालात बसायचा. पण आलेल्या कॉलपैकी किती लोकांचं पलीकडच्या माणसाशी खरोखर बोलणं झालं, हे एकतीस वर्षांत मला एकानेही विचारलं नाही. मला मात्र ते ठाऊक असायचं. काही टेबलांवर फोन नुसता वाजत राहायचा. समोरचा माणूस पुन्हा माझ्याकडे यायचा, "बाई, रिंग जातेय, पण कुणी उचलत नाही."

सोशल नेटवर्कवरच्या मदतीकडे मी याच कानांनी बघते. (बघते हा शब्द आम्हीही वापरतो, कुणी बिचकू नये.)

लेखात २०१४ च्या बर्फाच्या बादलीची, म्हणजे डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेऊन त्याचा व्हिडिओ टाकण्याच्या त्या मोहिमेची, बरीच थट्टा केली आहे. त्या दिवसांत माझ्या फोनवर येणाऱ्या प्रत्येक व्हिडिओत मला एवढंच ऐकू यायचं: पाणी ओतल्याचा आवाज, एक किंकाळी आणि मागे हसण्याचा कल्ला. दहा-बारा व्हिडिओंनंतर मी भाचीला विचारलं, लोकांना झालंय काय? मग तिने सांगितलं, की एएलएस नावाचा आजार आहे, स्टीफन हॉकिंगना होता तो. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी एकेक करून निकामी होतात. त्याच्यासाठी हे चाललंय. मीही तेव्हा तुमच्या लेखकांसारखीच हसले होते. पुढे कळलं, की त्या आठ आठवड्यांत अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे ११ कोटी ५० लाख डॉलर जमा झाले, आणि या आजाराशी संबंधित एनईके१ हे जनुक ज्या संशोधनातून २०१६ मध्ये पुढे आलं, त्याला त्याच पैशांची मदत होती. तेव्हा किंकाळ्यांबद्दलचं माझं मत मी मागे घेतलं. मात्र शेकडो व्हिडिओंपैकी एकातही मला आजाराचं नाव ऐकू आलं नव्हतं, हेही खरं. ते पडद्यावर लिहिलेलं असायचं म्हणे.

आता उलट बाजूचं उदाहरण. फेसबुकवर २००७ पासून 'कॉजेस' नावाचं एक अ‍ॅप होतं. आपल्याला पटलेल्या कामाच्या गटात सामील व्हा, मित्रांना बोलवा, जमेल तर पैसे द्या, अशी त्याची रचना. त्यावर सुदानमधल्या डार्फुरच्या हत्याकांडाविरुद्ध एक गट होता, सभासद दहा लाखांच्या वर. समाजशास्त्रज्ञांनी नंतर त्याचा सगळा हिशेब तपासला. नव्याण्णव टक्क्यांहून जास्त सभासदांनी कधीच काही दिलं नव्हतं. जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी आणखी एकालाही गटात आणलं नव्हतं. जमलेली रक्कम नव्वद हजार डॉलरच्या आसपास. दहा लाखांत ती वाटून पाहा, माणशी काय पडतं ते. लेखक याला ढोंग म्हणतील. मला ते ढोंग वाटत नाही. त्या दहा लाखांतल्या बहुतेकांना डार्फुरबद्दल खरंच वाईट वाटलं असणार. त्यांनी फोन उचलला, नंबर फिरवला, पण टेलिफोनच्या बोर्डावर जोडून देणारं कुणी बसलेलंच नव्हतं. 'सामील व्हा' एवढं बटण दाबून झालं, की पुढे करण्यासारखं सोपं, नेमकं असं काही नव्हतं. डार्फुरमधलं कुणी पलीकडून 'हॅलो' म्हणणार नव्हतं.

याच फेसबुकने १ मे २०१२ रोजी अमेरिकेत लोकांना 'मी अवयवदाता आहे' असं आपल्या पानावर लिहायची सोय दिली. हेही वरवर पाहता मिरवणंच. पण त्या ओळीशेजारी आपापल्या राज्याच्या अधिकृत नोंदवहीचा दुवा होता, तो दाबला की थेट अर्ज. त्या राज्यांत एरवी दिवसाला सरासरी ६१६ लोक ऑनलाइन नोंद करायचे, त्या एका दिवशी १३,०५४ जणांनी केली. पुढच्या बारा दिवसांत आकडा पुष्कळ उतरला, तरी नेहमीपेक्षा वरच राहिला. माणसं बहुधा तशीच होती, आळसही तेवढाच असणार. इथे कुणीतरी कॉल जोडून दिला होता, आणि दात्याला शेजारीच आपल्या ओळखीच्या माणसाचं नाव दिसत होतं, एवढा फरक.

आता माझ्या दोन बाटल्यांची गोष्ट सांगते.

मला काचबिंदूही आहे. दिसत नाही तरी डोळ्यातला दाब वाढला की ठणका लागतो, म्हणून थेंब घालावे लागतात. मध्यंतरी कानालाही थेंब लागले. दोन्ही बाटल्या हुबेहूब सारख्या, तेवढ्याच उंचीच्या, तशाच झाकणाच्या. मी एकीला रबरबँड लावून ठेवते. एके दिवशी रबरबँड सुटून पडलेला सापडला. घरी कुणी नाही, रात्रीचे सव्वादहा. भाचीला त्या वेळी उठवायचं जिवावर आलं.

फोनवर 'बी माय आइज' नावाचं अ‍ॅप आहे. हान्स यॉर्गन वीबर्ग या डॅनिश कारागिराची ही कल्पना. तो फर्निचरचं काम करायचा आणि त्याची स्वतःची दृष्टी अधू. जानेवारी २०१५ मध्ये ते आयफोनवर आलं, २०१७ मध्ये अँड्रॉइडवर. अंध माणसाने मदतीचं बटण दाबलं, की त्याची भाषा बोलणाऱ्या अनेक स्वयंसेवकांचे फोन एकदम वाजतात. जो पहिला उचलेल त्याला माझा कॅमेरा दिसू लागतो. हे मला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं. आमच्या तक्रार विभागाला मी हेच करायचे! एकाच्या टेबलावर वाजवलं तर तो जागेवर नाही, म्हणून सहाही टेबलांवर एकदम वाजवायचं, कुणीतरी एक उचलतोच.

त्या रात्री एका मुलाने उचललं. आवाजावरून वीस-बावीसचा.

"नमस्कार, बोला आजी, काय बघायचंय?"

मी दोन्ही बाटल्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. तो म्हणाला, "थोडं उजवीकडे... नाही नाही, तुमच्या नाही, माझ्या उजवीकडे... सॉरी, आपली उजवी एकच आहे ना?" मग आम्ही दोघंही हसलो. त्याने मला बाटली फिरवायला लावली, दिवा लागलेला आहे का विचारलं (नव्हता, माझ्या घरात संध्याकाळनंतर दिवा लावायचं लक्षातच राहत नाही), आणि एकेक अक्षर वाचून नाव सांगितलं. मुदत सांगितली. मी रबरबँड परत चढवला. सगळं मिळून तीन मिनिटं.

मी आभार मानणार तोच तो म्हणाला, "थँक्यू आजी." मी विचारलं, तू कशाबद्दल? तर म्हणे, नाव नोंदवून आठ महिने झाले, एकदाच फोन वाजला होता आणि तो उचलेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी उचलला. आज पहिल्यांदा मिळाला.

संपादक महोदय, ही गोष्ट लेखकांपर्यंत पोहोचवा. त्या जाळ्यावर स्वयंसेवकांची संख्या अंध वापरकर्त्यांच्या कितीतरी पट आहे. घरोघरी माणसं फोन वाजायची वाट बघत बसली आहेत. त्यांना तीन मिनिटांचं, अर्थ कळेल असं, आपल्याला जमेल असं काम हवंय. ते मिळत नाही म्हणून ती दुसरीकडे अंगठे उमटवतात.

याच जाळ्यावर २०२३ पासून यंत्राकडूनही वर्णन ऐकता येतं, फोटो काढला की ते सांगतं. छापील पत्रं, पाकिटं, बिलं यासाठी मी यंत्रच वापरते. त्यात माणसाला आपलं घर दाखवायचा संकोच नाही. औषधासाठी मात्र अजून माणूस. यंत्र "आपली उजवी एकच आहे ना" असं विचारत नाही.

जोडून देणाऱ्या माणसाचं महत्त्व ज्यांना कळलेलं नाही त्यांनी हैतीची हकिगत माहीत करून घ्यावी. तिथे १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला. राजधानी ढासळलेली, रस्ते बंद, पण मोबाइलचे काही टॉवर चालू. मग ४६३६ हा एक फुकट नंबर जाहीर केला गेला. ढिगाऱ्याखालचे, पाणी संपलेले, जखमी माणसाजवळ बसलेले लोक त्यावर संदेश पाठवू लागले. संदेश हैतीच्या क्रेओल भाषेत आणि मदतीला आलेली पथकं बहुतेक इंग्रजी बोलणारी. तेव्हा जगभर पांगलेले हैतीचे लोक, कुणी नोकरी करणारे, कुणी विद्यार्थी, आपापल्या घरी संगणकावर बसून एकेक संदेश भाषांतरित करू लागले. हजाराहून जास्त माणसं होती ती. पत्त्यात नुसतं 'त्या शाळेच्या मागे' असं असायचं. ती शाळा कुठली हे त्या गावात वाढलेल्यालाच माहीत, तो नकाशावर बोट ठेवून दाखवायचा. केनियात २००७ च्या अखेरच्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचाराच्या नोंदी ठेवायला काही तरुणांनी 'उशाहिदी' नावाची प्रणाली बनवली होती. स्वाहिलीत त्याचा अर्थ साक्ष. हैतीचे संदेश त्याच प्रणालीवरच्या नकाशात टिपले जात होते.

मी हे ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, अरे, हा तर आमचाच बोर्ड! कॉल आला, समजून घेतला, योग्य टेबलाला जोडला. यात लाइक नाही, हृदय नाही, कुणाचा फोटो नाही. तुमच्या लेखात मात्र हैती नव्हतं, बादली होती.

आता जे पटलं त्याबद्दल. आणि इथे मी लेखकांपेक्षा जास्त चिडलेली आहे.

दीड-एक वर्षापूर्वी माझ्या एका जुन्या सहकारी बाईंनी मला एक पोस्ट पाठवली. माझा फोन म्हणाला, "चित्र." बस, एवढंच. भाचीने पाहिलं. औषधांच्या खोक्यांवर ब्रेलमध्ये नाव छापावं या मागणीसाठी काही तरुणांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली होती. युरोपीय संघात २००४ च्या निर्देशाने हे बंधनकारक झालेलं आहे, तसंच सगळीकडे व्हावं ही मागणी. माझ्या दोन बाटल्यांच्या मोहिमेची पोस्ट, आणि ती मलाच वाचता येऊ नये!

तरी सही करायला बसले. नाव भरलं, ईमेल भरला. शेवटी आलं 'मी यंत्रमानव नाही'. खूण केली, तर म्हणे ज्या चौकोनांत ट्रॅफिक लाइट आहेत ते निवडा. मी आवाजाचा पर्याय घेतला. त्यात खरखर, मागे कुठेतरी दोघं बोलत असल्यासारखा गोंधळ, आणि मधूनच इंग्रजी शब्द. आयुष्यभर खराब लाइनवर नावं ऐकण्यात गेलेली मी बाई. ट्रंक कॉलचा आवाज ऐकून समोरचा काय म्हणतोय ते ओळखायचे. तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा त्या पानाने मला यंत्र ठरवून बाहेर काढलं. आणि दर वेळी पान उघडलं की फोन आधी मला इमानेइतबारे सांगायचा, आतापर्यंत इतक्या हजार लोकांनी सही केली आहे.

(या कोड्याबद्दल एक गंमत. २००७ च्या सुमारास लुइस फॉन आन यांनी वेड्यावाकड्या अक्षरांच्या कोड्याचा एक प्रकार काढला. त्यातले शब्द जुन्या वर्तमानपत्रांच्या आणि पुस्तकांच्या स्कॅनमधून घेतलेले असायचे, संगणकाला न वाचता आलेले. लोक कोडं सोडवायचे आणि नकळत ते शब्द टाइप होऊन मिळायचे. म्हणजे आम्हाला दाराबाहेर ठेवणाऱ्या त्या कुलपानेच लाखो छापील पानं आम्हाला ऐकता येतील अशा मजकुरात उतरवली. रागवावं की हात जोडावेत, मला आजवर ठरवता आलेलं नाही.)

मी मोहीमवाल्यांना लिहिलं. नऊ दिवस उत्तर नाही. मग त्यांच्या पोस्टखाली सगळ्यांसमोर लिहिलं: मी अंध आहे, तुमच्या मोहिमेवर मला सही करता येत नाही, कृपया काहीतरी करा. संध्याकाळी भाचीने मोजून सांगितलं, माझ्या तक्रारीला एक्केचाळीस हृदयं आली होती. आणि उत्तरं? "खूप प्रेरणादायी आजी." "सलाम तुमच्या जिद्दीला." त्याखाली टाळ्यांची चित्रं. माझा फोन ती एकेक करून वाचतो: टाळ्या वाजवणारे हात, टाळ्या वाजवणारे हात, टाळ्या वाजवणारे हात... चौदा वेळा. मी फोन ठेवून दिला.

रिंग जातेय, पण कुणी उचलत नाही. हे त्याहून वाईट होतं. उचलत होते, शाबासकी देत होते आणि ठेवत होते.

दोन दिवसांनी एका मुलीचा फोन आला. त्या मोहिमेतलीच. तिने शाबासकी वगैरे काही दिली नाही. विचारलं, "तुम्ही फॉर्म भरता तेव्हा नक्की काय ऐकू येतं ते मला ऐकवाल का?" मी दुसऱ्या फोनवर तिला ऐकवलं. मग तिने स्वतःच्या फोनवर स्क्रीन रीडर चालू केला, पडदा बंद केला आणि माझ्याबरोबर फॉर्म भरायला लागली. सव्वा तास. मध्ये दोनदा ती "अरे देवा" म्हणाली. तिच्या लक्षात आलं, की कोड्यापर्यंत पोहोचणं हेच मोठं काम होतं. 'सही करा' या बटणाला नावच दिलेलं नव्हतं, फोन नुसतं 'बटण' म्हणायचा. त्याच्या शेजारचं रद्द करायचं बटण, तेही 'बटण'. पुढच्या आठवड्यात कोडं गेलं, त्याऐवजी ईमेलवर आलेल्या दुव्याने खात्री करायची सोय झाली. बटणांना नावं मिळाली. चित्राखाली वर्णन आलं.

मग आमचा अंध ओळखीच्यांचा गट त्या मोहिमेच्या पानावर गेला. आम्ही अंध लोक बोलके असतो, एकाला कळलं की सगळ्यांना कळतं. आणि तिथे गेल्यावर पहिलं काय झालं असेल, तर आम्ही त्या मागणीशीच भांडलो. एका गृहस्थांनी लिहिलं, माझी नजर साठीनंतर गेली, मधुमेहाने. मला ब्रेल येत नाही आणि आता बोटांना संवेदनाही नाही. मी खोक्यावरच्या ठिपक्यांचं काय करू? आमच्यात असे पुष्कळ आहेत. ज्यांची दृष्टी उतारवयात जाते त्यांतले फार थोडे ब्रेल शिकतात. चर्चा आठवडाभर चालली, जरा कडूही झाली (मीच दोघांना तोडून बोलले, नंतर माफी मागितली). शेवटी मागणीत भर पडली: ब्रेल हवंच, पण त्याबरोबर फोनने वाचता येईल असा कोडही हवा, आणि तो कुठे आहे हे बोटाला कळावं म्हणून भोवती उंचवटा. डोळस तरुणांनी, चांगल्या मनाने, कित्येक महिने चालवलेल्या मोहिमेत हा उंचवटा कुणाला सुचला नव्हता. कसा सुचणार?

अर्ज दिलेला आहे. निर्णय अजून नाही. सह्यांचा आकडा तुम्हाला सांगत नाही, आकड्यांचं माझं काय मत आहे ते वर आलंच आहे.

थोडं जाळ्यांच्या मालकांबद्दलही बोललं पाहिजे, पण थोडक्यात, कारण त्यात माझं कौशल्य नाही. जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरच्या लोकांनी बनवलेली अ‍ॅप एकाएकी तोडली. जगभरचे पुष्कळ अंध लोक अशीच अ‍ॅप वापरायचे, कारण ती साधी, मजकुराला धरून चालणारी असत. वर्षानुवर्षं जमवलेले ओळखीचे लोक, गट, चालू मोहिमा, सगळं एका निर्णयाने अवघड झालं. काही जण मग मॅस्टोडॉन नावाच्या, ट्विटरसारख्याच दुसऱ्या जाळ्यावर गेले. तिथे एकच एक्स्चेंज नसतं, छोटी छोटी अनेक असतात आणि एकमेकांना जोडलेली असतात. तिथे वर्णनाशिवाय चित्र टाकलं तर कुणीतरी हमखास आठवण करून देतं, असं जाणारे सांगतात. मी गेलेली नाही. माझ्या वयात साडेसहाशे एक्स्टेन्शन पुन्हा पाठ करायची हिंमत होत नाही.

ज्यांना ऑनलाइन एखादं चांगलं काम चालवायचं आहे त्यांच्यासाठी काही बारीकसारीक गोष्टी, लेखकांनी सांगितल्या नाहीत म्हणून मी सांगते. आवाहन चित्रात लिहू नका, आणि लिहिलंतच तर तोच मजकूर खाली टाइप करा. चित्राला शब्दांत पर्याय द्यावा हा वेबच्या सुगम्यतेच्या नियमांतला अगदी पहिला नियम १९९९ पासून लिहिलेला आहे, काही नवीन मागत नाही. हॅशटॅग इंग्रजीत असेल तर प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करा, नाहीतर फोन सगळे शब्द एका घशात कोंबून काहीतरी भलतंच वाचतो. आपल्या लिपीत मोठं अक्षर नाही, तेव्हा शब्दांमध्ये खालची रेघ द्या. एक टाळी पुरते, चौदा नकोत. आवाहनावर तारीख घाला. रक्त हवंय, अमुक गट, ताबडतोब, असा बिनतारखेचा संदेश मला दर दोन-तीन महिन्यांनी येतो. शब्द तेच, नंबर तोच. एकदा मी त्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस इतका शांतपणे बोलला, की तो दिवसातून कितीदा हेच सांगत असेल ते मला कळलं. त्यांचा पेशंट जाऊन चार वर्षं झाली होती.

त्या फोननंतर मी बराच वेळ काही केलं नाही. लेखकांना जर खरंच अंगठेबहाद्दरांवर लिहायचं असेल, तर त्या माणसाकडून सुरुवात करावी.

माझ्या त्या मुलाला, बाटल्या वाचणाऱ्याला, मी पुन्हा गाठू शकत नाही. ते अ‍ॅप नाव-नंबर देत नाही, आणि ते योग्यच आहे. तो हे पत्र वाचत असेल तर त्याला सांगायचंय, की त्याने वाचलेलं नाव बरोबर होतं, डोळा शांत आहे, आणि मी संध्याकाळी सातला दिवा लावायचा गजर फोनवर लावून ठेवला आहे.

आता सुरुवातीची तक्रार. आपण हे पत्र छापलंत, तर कृपया ई-पेपरमध्ये मजकूर म्हणून ठेवा, चित्र म्हणून नको. स्वतःचं पत्र वाचायला मला भाचीला बोलवावं लागू नये. तिची परीक्षा आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर